मोंढ्यातली फाइल दर सीझनला ‘करप्ट’ व्हायची: १०९ चा आकडा आणि न वाचलेली पुरवणी

आधी लक्षणं सांगतो. तुमची तक्रार हीच असेल तर पुढे वाचा, नसेल तर वेळ वाचेल.

तुमच्याकडे अशी एक फाइल आहे जिच्या पोटात बऱ्याच लहान फाइली आहेत. जुनी एक्सेलची किंवा वर्डची फाइल असेल, आउटलुकचा सेव्ह केलेला मेल असेल, किंवा त्याच साच्यात तुमच्या प्रोग्रामने बनवलेली स्वतःची फाइल असेल. महिनोन्‌महिने ती नीट चालते. एके दिवशी सगळ्यात नवी नोंद उघडत नाही, जुन्या सगळ्या उघडतात. आणखी एकदोन नोंदी टाकल्या की अख्खी फाइलच बंद. नवी फाइल काढली की गाडी रुळावर, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. आता बंद पडलेल्या फाइलीवर राइट क्लिक करून तिचा आकार बघा. तो ७१ लाख ४४ हजार बाइटच्या जरासा पुढे, म्हणजे ६.८ एमबीच्या आसपास निघाला, तर फाइल बहुधा ठणठणीत आहे. आजारी आहे तो ती वाचणारा प्रोग्राम.

माझ्या बाबतीत तो प्रोग्राम मीच लिहिलेला होता. हे कळायला मला तीन सीझन लागले.

लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका छोट्या अडत दुकानासाठी मी पट्टीचा प्रोग्राम करून दिला होता. शेतकरी माल आणतो, मापारी माप करतो, सौदा होतो, आणि हमाली-तोलाई वजा करून हिशोबपट्टी निघते. मालकांची मागणी अशी होती की पट्टीसोबत काट्यावरच्या चिठ्ठीचा फोटोही जपून ठेवायचा. कारण पंधरा दिवसांनी कोणीतरी येऊन विचारतोच, “माझे कट्टे किती धरले होते?” कट्टे म्हणजे पोती. दुसरी मागणी: “फोल्डर-बिल्डर नको. एकच फाइल पायजे. पेनड्राइव्हवर टाकली की घरी बघता आली पायजे.”

एकच फाइल, पण आत शेकडो वस्तू. म्हणजे फाइलीच्या आत फाइलसिस्टिम. हे काम मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकातच करून ठेवलंय. एक्सेल ९७ पासून २००३ पर्यंतच्या फाइली आतून अशाच असतात. आत ‘स्टोरेज’ म्हणजे फोल्डर आणि ‘स्ट्रीम’ म्हणजे फाइल. जावात हे हाताळायला अपाची पीओआय ही तयार कोडची लायब्ररी आहे आणि तिच्यातल्या या भागाचं नाव पीओआयएफएस, म्हणजे ‘पुअर ऑब्फस्केशन इम्प्लिमेंटेशन फाइल सिस्टिम’. त्या मंडळींनी नावं ठेवताना हात आखडता घेतलेला नाही; एक्सेल वाचणाऱ्या भागाला त्यांनी ‘हॉरिबल स्प्रेडशीट फॉरमॅट’ म्हटलंय. आज हेच काम आलं असतं तर मी डोळे झाकून एसक्यूलाइट (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) घेतलं असतं. पण तेव्हा ही लायब्ररी हाताशी होती आणि तिने काम चोख केलं. तिचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुकानात पीओआय फाइल लिहायची. मालकांच्या घरच्या लॅपटॉपवर जावा बसवायचा कंटाळा, म्हणून तिथे फक्त बघण्यासाठी मी पायथनमध्ये दोनेकशे ओळींचा एक व्ह्यूअर लिहिला, एका रात्रीत. पायथनसाठी ‘ओलेफाइल’ नावाची तयार लायब्ररी आहे, ती मला माहीतही होती. पण तेव्हा वाटलं, एवढ्याशा कामाला कशाला? आपणच लिहू. ही खुमखुमी महागात पडली.

तीन सीझनमध्ये काय झालं

पहिल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मुनीमजींचा फोन आला. “ओ सर, मालकाच्या घरी फाइल उघडनाच झालीय बगा.” त्या आठवड्यात लाईट दिवसातून चार वेळा जात होती. मी विचारलं, कॉपी करताना लाईट गेली होती का? गेली होती. झालं, निदान पक्कं. नवी फाइल काढायला सांगितली आणि दुकानाला यूपीएस घ्यायला लावला. दुर्दैव असं की त्यांनी नंतर पाठवलेल्या फाइलींतली एक खरोखरच अर्धवट कॉपी झालेली होती. त्यामुळे माझी खात्रीच पटली.

यूपीएस आला, तरी सोयाबीनच्या भर आवकेत दर पंधरा-वीस दिवसांनी फोन सुरूच. दुसऱ्या वर्षी मी पेनड्राइव्हला दोषी ठरवलं. नवा घेतला, ‘इजेक्ट’ करूनच काढायचा अशी चिठ्ठी मॉनिटरवर चिकटवली. काही फरक नाही. त्याच वर्षी मुनीमजी एक वाक्य बोलले होते, ते आता आठवलं की कान लाल होतात. “सर, ही दर टायमाला दोनशे पस्तीस-चाळीस पट्टीला अडकायलीय.” मी हसलो. म्हटलं, मुनीमजी, कॉम्प्युटरला पट्ट्या मोजता येत नाहीत.

मुनीमजी बरोबर होते. एका पट्टीमागे मजकूर आणि फोटो मिळून साधारण ३० केबी जायचे. २३८ पट्ट्या गुणिले ३० केबी करून बघा.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी फोन आला तेव्हा मी स्वतः दुकानात गेलो. बंद पडलेली फाइल दुकानातल्याच मशीनवर, दुकानातल्याच प्रोग्रामने उघडली. फट्‌कन उघडली. सगळ्या पट्ट्या, सगळे फोटो, अगदी शेवटच्या पट्टीसकट. तीच फाइल पेनड्राइव्हवरून व्ह्यूअरमध्ये टाकली: ‘फाइल खराब आहे.’ तीन वर्षांत ही साधी अदलाबदल कोणी करून पाहिली नव्हती, कारण दर वेळी फोनवरच “नवी काढा” म्हणून मी मोकळा व्हायचो.

आणि ‘फाइल खराब आहे’ हे वाक्य कुठून आलं? माझ्याच कोडातून. कुठलीही चूक झाली की ती गिळून टाकायची आणि हे एक वाक्य दाखवायचं, अशी मी सोय केली होती. म्हणे वापरणारा घाबरू नये. तो झाकणाचा भाग काढला तेव्हा खाली खरी तक्रार दिसली: यादीच्या बाहेरचा क्रमांक मागितला जातोय. मागितलेला क्रमांक होता १३,९५२.

हा आकडा कुठून आला ते समजायला फाइलीच्या आत जावं लागेल.

फाइलीच्या पोटात

पूर्ण फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत कापलेली असते. पहिला तुकडा हेडर, बाकीचे सेक्टर. त्यांना ०, १, २ असे क्रमांक. तुमची एखादी स्ट्रीम सलग सेक्टरांत असेलच असं नाही. दिवाळी अंकात कथा पान १२ वर सुरू होते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘उर्वरित मजकूर पान ९७ वर’. तसंच इथे. फरक एवढाच की ‘उर्वरित अमुक पानावर’ हे त्या पानावर न लिहिता एका वेगळ्या तक्त्यात लिहितात. त्या तक्त्याला फॅट म्हणतात; जुन्या डॉसच्या फाइलसिस्टिममध्ये होता तोच विचार. प्रत्येक सेक्टरसाठी तक्त्यात चार बाइटची एक नोंद: यानंतर कोणता सेक्टर. मजकूर संपला की ‘साखळी संपली’ अशी खूण.

आता हा तक्ताही फाइलीतच ठेवायचा असतो, म्हणजे त्यालाही सेक्टर लागतात. ५१२ भागिले ४, म्हणजे एका फॅट सेक्टरात १२८ नोंदी. १२८ सेक्टर म्हणजे ६५,५३६ बाइट. थोडक्यात, फाइल ६४ केबीने वाढली की तक्त्याचं एक नवं पान जोडायचं.

पण तक्त्याची ही पानं फाइलीत कुठे कुठे आहेत, हे कुठे लिहायचं? हेडरमध्ये. ५१२ बाइटच्या हेडरमध्ये सुरुवातीचे ७६ बाइट इतर माहितीला गेले, उरले ४३६. भागिले चार. १०९.

हेडरमध्ये तक्त्याच्या फक्त १०९ पानांचे पत्ते मावतात. १०९ गुणिले १२८ म्हणजे १३,९५२ सेक्टर. त्यांचे क्रमांक ० ते १३,९५१. माझा व्ह्यूअर १३,९५२ पाशी कोसळत होता.

फाइल याहून मोठी झाली तर? बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेची पानं संपली की काय करतो आपण, पुरवणी घेतो. दोऱ्याने बांधतो आणि पहिल्या पानावर किती पुरवण्या जोडल्या ते लिहितो. इथेही नेमकं तेच आहे. पुढच्या पत्त्यांसाठी एक वेगळा सेक्टर घेतात, त्याला डायफॅट म्हणतात (पीओआयच्या कोडात तो एक्सबॅट या नावाने सापडेल), आणि पहिली पुरवणी कुठे आहे व एकूण किती आहेत हे हेडरमध्ये लिहून ठेवतात. पीओआय इमानदारीत पुरवणी जोडत होती. माझा व्ह्यूअर मुख्य उत्तरपत्रिका तपासायचा, पुरवणी न उघडताच गुण द्यायचा. लातूर पॅटर्नच्या गावात राहून ही चूक करायची म्हणजे कमाल आहे.

आधी शेवटची एखादी पट्टी अडते आणि मग लगेच सगळी फाइल, असं का? नवा फोटो फाइलीच्या शेवटी, १३,९५२ च्या पुढच्या सेक्टरांत जातो, म्हणून तो एकटाच उघडत नाही. पण आतल्या नावांची यादी, म्हणजे डिरेक्टरी, तीही वाढतच असते. तिची एक नोंद १२८ बाइटची, एका सेक्टरात चारच मावतात. माझ्या एका पट्टीला दोन नोंदी लागायच्या, म्हणजे दर दोन पट्ट्यांमागे डिरेक्टरीला एक नवा सेक्टर. त्यातला पहिला सेक्टर १३,९५१ च्या पुढे पडला की यादीच वाचता येत नाही, आणि यादी नाही तर काहीच नाही. लहान स्ट्रीमचंही तसंच. ४,०९६ बाइटांपेक्षा छोटी प्रत्येक स्ट्रीम स्वतंत्र सेक्टरांत न जाता ६४-६४ बाइटच्या चिल्लर तुकड्यांत एका सामायिक स्ट्रीममध्ये जाते. माझ्या पट्ट्यांचा मजकूर दीड केबीचा, सगळा तिथेच. तिची साखळी हद्दीबाहेर गेली की पट्ट्या वाचायची सोय संपली.

स्वतः तपासायचं असेल तर

हेक्स एडिटर, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम, कुठलाही चालेल. फाइल उघडा आणि पहिले आठ बाइट बघा: डी० सीएफ ११ ई० ए१ बी१ १ए ई१. पहिले सात आकडे-अक्षरं इंग्रजीत शेजारी शेजारी लिहून जरा डोळे बारीक करा, ‘डॉकफाइल’ असं वाचता येतं. कोणा इंजिनिअरची गंमत आहे ती. पीओआय याच बाइटांवरून तक्रार करते तेव्हा हा आकडा उलटा छापते, ई११एबी१ए१ई०११सीएफडी० असा, कारण या साच्यात बहु-बाइटी आकडे एकक आधी या क्रमाने लिहितात. तो संदेश बघून दचकू नका.

मग ४४ व्या बाइटपासूनचे चार बाइट बघा (मोजणी शून्यापासून). ही फॅट सेक्टरांची संख्या. मी दुकानातल्या त्या फाइलीत बघितलं तर तिथे होतं ६ई ०० ०० ००. हे बाइट हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेले असतात; त्यात ६डी म्हणजे १०९. ६ई म्हणजे ११०. एका आकड्याने पुढे. मुनीमजी शेजारी चहा घेऊन उभे होते, त्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, “म्हंजे वही भरलीय.” तीन वर्षांतलं सगळ्यात अचूक निदान.

त्यापुढे ६८ व्या बाइटला पहिल्या पुरवणीचा पत्ता आणि ७२ व्या बाइटला पुरवण्यांची संख्या. लहान फाइलीत ६८ ला ‘साखळी संपली’ची खूण, एफई एफएफ एफएफ एफएफ, आणि ७२ ला शून्य असतं. इथे ७२ ला ०१ होतं.

याच ४४ व्या बाइटवरून अर्धवट कॉपीही ओळखता येते. तिथला आकडा गुणिले ६५,५३६ केलं की फाइलीचा आकार साधारण त्याच्या आसपास, जरा कमी असायला हवा. पहिल्या वर्षीच्या त्या खरोखर तुटलेल्या फाइलीत १०४ लिहिलं होतं, म्हणजे ६.४ एमबीच्या पुढचा माल. फाइल होती ४ एमबीची. हा हिशोब पहिल्याच दिवशी केला असता तर लाईट कुठे दोषी आहे आणि कुठे नाही ते वेगळं कळलं असतं. फक्त ३० व्या बाइटकडे आधी एक नजर टाका: तिथे ०९ असेल तर सेक्टर ५१२ चा, ०सी असेल तर ४,०९६ चा, म्हणजे आवृत्ती ४, आणि वरचे सगळे गुणाकार बदलतात. त्या प्रकारात १०९ ची भिंत ४३६ एमबीला येते, आमच्या मोंढ्यात कोणी तिथवर जात नाही.

दुरुस्ती

सोपा उपाय: आपलं वाचायचं कोड फेकून ओलेफाइल लावा. मी शेवटी तेच केलं. पण आधी अहंकारापोटी माझाच व्ह्यूअर दुरुस्त केला, आणि त्यात दुसरी चूक केली. ती सांगतो, कारण असं कोड लिहिणारे बरेच जण तिथे अडखळतील.

पुरवणीच्या सेक्टरात १२८ जागा असतात, पण पत्ते १२७ च. शेवटची जागा पुढच्या पुरवणीच्या पत्त्याची असते. मी १२८ च्या १२८ पत्ते म्हणून वाचले. पुरवणी एकच असली तर शेवटच्या जागी ‘साखळी संपली’ची खूण असते आणि अशा खुणा मी गाळत होतो, त्यामुळे सगळं बरोबर चाललं. ११ एमबीची फाइल उघडली, मी खूश. पण १०९ अधिक १२७ म्हणजे २३६ फॅट सेक्टर, गुणिले ६४ केबी म्हणजे १४.७५ एमबी. त्यापुढे दुसरी पुरवणी लागली की तिचा पत्ता मी तक्त्याचं पान समजून वाचणार आणि साखळ्या भलत्याच ठिकाणी जाणार. एका शेतकऱ्याच्या पट्टीखाली दुसऱ्याचा फोटो दिसला असता. ही करप्ट फाइलपेक्षा वाईट गोष्ट. या वेळी शहाणपण आलं होतं म्हणून खोट्या पट्ट्या भरून २० एमबीची फाइल बनवली आणि दुकानात द्यायच्या आधीच पकडलं. तुम्हीही चाचणीसाठी किमान दोन आकार ठेवा: एक ७ एमबीच्या पुढचा, एक १५ च्या पुढचा.

लिहिण्याच्या बाजूला पीओआयची चूक नव्हती, पण माझी एक सवय मोडली. पीओआयमध्ये फाइल उघडून त्याच फाइलीवर जागच्या जागी लिहिता येतं. बदल थोडा असेल तर ते वेगात होतं, पण लिहिताना मशीन बंद पडलं तर तक्ता जुना आणि माल नवा अशी खिचडी होते. आता दुकानातला प्रोग्राम शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहितो, ती बंद करतो, मूळ फाइलही बंद करतो आणि मग नाव बदलतो. ‘बंद करतो’ हे दोनदा लिहिलंय ते मुद्दाम. विंडोजवर फाइल उघडी ठेवून तिच्या जागी दुसरी ठेवायला गेलात तर ते नकार देतं, आणि तो नकार दुपारी बाराच्या गर्दीतच येतो.

फाइल मोठी होण्याबद्दल एक गोष्ट. पट्टी रद्द केली, स्ट्रीम पुसली, तरी फाइल आकसत नाही. सेक्टरांवर फक्त ‘मोकळा’ असा शिक्का बसतो आणि पुढे कधी जागा लागली तर ते वापरले जातात. फाइल खरोखर बारीक करायची तर आतलं सगळं नव्या फाइलीत उतरवून घ्यायचं. पीओआयच्या एन्ट्रीयुटिल्समध्ये त्यासाठी कॉपीनोड्स आहे. आकारापेक्षाही माझी काळजी वेगळी होती. मोकळ्या सेक्टरात जुना मजकूर तसाच पडून असतो. पुसलेल्या पट्टीतला शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक हेक्स एडिटरमध्ये मी स्वतः वाचलाय. फाइल बाहेर कोणाला द्यायच्या आधी ती नव्याने उतरवून घ्या.

नावांची भानगड

यातच एक छोटी अडचण निघाली, ती मराठी नावं वापरणाऱ्यांनाच जास्त भेटेल. स्ट्रीमचं नाव ३१ एककांपर्यंतच असू शकतं आणि देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलंत वेगळं मोजलं जातं. ‘लक्ष्मण’ आपल्याला तीन-साडेतीन अक्षरांचं वाटतं, इथे ते सात एककांचं. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि धान्य असं नाव ठेवायला गेलात की सहज ओलांडून जातं. शिवाय तिरपी रेघ नावात चालत नाही, आणि आपल्या पट्टीचा नंबर तर ४५/२ असाच असतो. मी नावात फक्त अनुक्रमांक ठेवला आणि बाकी सगळं आत मजकुरात टाकलं.

कोणी स्वतः फाइल लिहिणारं कोड करत असेल तर क्रमाकडेही लक्ष द्या. एका फोल्डरमधली नावं झाडासारख्या रचनेत ठेवलेली असतात आणि त्यांचा क्रम बाराखडीचा नसतो. आधी लांबी बघतात, लांबी सारखी असेल तरच अक्षरं. म्हणून ‘हरभरा’ (पाच एककं) ‘सोयाबीन’च्या (सात) आधी येतो आणि ‘मूग’ दोघांच्याही आधी. बाराखडीने लावलंत तर यादीत नाव दिसेल, पण नावाने शोधायला गेलं की ‘सापडत नाही’ असं उत्तर येईल.

‘करप्ट’ म्हणून येणाऱ्या, पण वेगळ्या

माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या ‘करप्ट’ फाइलींत सगळ्यात जास्त असतात त्या पोर्टलवरून ‘एक्सेलमध्ये डाउनलोड’ करून आणलेल्या. एक्स्टेन्शन जुन्या एक्सेलचं, आत शुद्ध एचटीएमएलचा तक्ता. पहिले बाइट डी० सीएफ नसून ३सी ६८ ७४ ६डी असे काहीतरी दिसले तर नोटपॅडमध्ये उघडा, आणि खात्री पटली की एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करा. पहिले दोन बाइट ५० ४बी, म्हणजे ‘पीके’ असतील तर ती झिप आहे, बहुधा नवी एक्सेल फाइल, कोणीतरी हाताने नाव बदललेली.

याच्या बरोब्बर उलटाही प्रकार असतो आणि तो भल्याभल्यांना चकवतो. फाइल नव्या एक्सेलची, एक्स्टेन्शनही नवं, पण सुरुवात डी० सीएफ. नाव कोणी बदललेलं नाही. तिला पासवर्ड लावलाय. पासवर्ड लावला की ऑफिस ती झिप कूटबद्ध करून याच जुन्या साच्यातल्या फाइलीच्या पोटात ठेवतं. आत बघाल तर ‘एन्क्रिप्शनइन्फो’ आणि ‘एन्क्रिप्टेडपॅकेज’ या दोन स्ट्रीम दिसतील. सीएच्या ऑफिसातून आलेली फाइल उघडत नसेल तर आधी फोन करून पासवर्ड मागा.

आता त्या ‘खराब’ फाइली. पेनड्राइव्हवरून परत आलेली एकही प्रत मुनीमजींनी तीन वर्षांत पुसली नव्हती. डेस्कटॉपवर ‘खराब’ नावाचं फोल्डर करून त्यात तारखेनिशी ठेवल्या होत्या, नऊ फाइली. नव्या व्ह्यूअरने आठ सरळ उघडल्या, एकाही पट्टीला धक्का नाही. नववी ती ४ एमबीची अर्धवट कॉपी. तिच्यात नावांचं झाड चढायच्या भानगडीत न पडता डिरेक्टरीच्या नोंदी जशा सापडतील तशा सरळ एकामागून एक वाचल्या आणि ज्यांची साखळी शिल्लक भागात पूर्ण होत होती तेवढ्या बाहेर काढल्या. निम्म्याहून जास्त निघाल्या. तिची मूळ प्रत दुकानातल्या मशीनवर मिळाली असती, पण “नवी काढा, जुनी काढून टाका” असं मीच सांगितलं होतं आणि तेवढं एक मात्र त्यांनी ऐकलं होतं.

मालक फोल्डर चाळत बसले. दुसऱ्या वर्षीची एक फाइल उघडून एका पट्टीवर थांबले. त्या पट्टीवरून औशाकडच्या एका शेतकऱ्याशी वाद झाला होता. तो म्हणायचा कट्टे चौदा, पट्टीत तेरा. फोटो उघडेना, म्हणून मापाऱ्याच्या शब्दावर तेराच धरले होते. मालकांनी फोटो मोठा करून मुनीमजींना बोलावलं. चिठ्ठीवर पेनाने चौकोनात आकडा लिहिला होता, चौदा. मुनीमजींनी चष्मा वर करून पुन्हा बघितला आणि त्या दिवशीचा सोयाबीनचा भाव काढायला वही उघडली.